कर्त्याचा शोध : शोधक अनुबोधपट आणि साक्षीची भाषा

१

चित्रपटांविषयीचा लेख भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लिहावा, आणि तोही विभागाच्या संशोधन-पत्रिकेसाठी, ह्याचे काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. तेव्हा प्रयोजन आरंभीच सांगितलेले बरे. गोंदियासारख्या ठिकाणी, जेथे एकाच वर्गात पोवारी, झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतील विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात, तेथे बोललेली भाषा कानाने नीट ऐकून कागदावर उतरविण्याचा सराव पदव्युत्तर विद्यार्थ्यांस देणे अगत्याचे असते. ह्या सरावासाठी प्रस्तुत लेखक काही वर्षे अनुबोधपटांतील संभाषणांचा उपयोग करीत आला आहे. चित्रपटातील पाच-सात मिनिटांचे बोलणे ऐकवावयाचे आणि विद्यार्थ्यांनी ते जसेच्या तसे लिहावयाचे, एवढाच तो अभ्यास.

एका वर्षी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील १९९७ च्या गोळीबाराविषयीचा भाग ऐकविला. त्यात बोलणाऱ्या माणसांनी गोळ्या कोणी घातल्या हे आडपडदा न ठेवता सांगितले होते. वह्या तपासताना मात्र असे आढळले की, निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी त्या ठिकाणी 'गोळीबार झाला' किंवा 'गोळीबार करण्यात आला' असे लिहिले होते. कोणाच्याही मनात काही लपवावयाचे नव्हते. बोलीतील वाक्य लिहिताना ते 'शुद्ध' करून घ्यावयाचे, ह्या शाळेपासून अंगवळणी पडलेल्या सवयीने त्यांनी तसे केले. आणि शुद्ध करता करता वाक्यातील कर्ता गळून पडला.

ह्या लहानशा प्रसंगातून प्रस्तुत लेखाचा विषय निघाला. अनुबोधपट पुष्कळ प्रकारचे असतात. त्यांतील ज्यांस शोधक म्हणता येईल, त्यांचे वैशिष्ट्य केवळ त्यांनी धाडसी विषय निवडला ह्यात नसते. कारकुनी, पोलिसी व वृत्तपत्री गद्याने जो कर्ता वाक्यातून काढून टाकला आहे, तो साक्षीदाराच्या बोलण्यातून वाक्यात परत आणणे, हे अशा चित्रपटाचे मुख्य कार्य होय. ही कसोटी लावून पाहण्याजोग्या काही चित्रपटांचा विचार येथे करावयाचा आहे. हे चित्रपट कोठे पुरे पडतात आणि कोठे उणे पडतात, हेही त्याच कसोटीवर ठरेल.

२

प्रथम व्याकरणाची बाजू. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळी आले की कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद कर्माशी जुळते : 'शिपायाने गोळी झाडली', 'शिपायांनी गोळ्या झाडल्या'. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून प्रयोगविचाराला मराठी व्याकरणात जे मोठे स्थान मिळाले आहे, ते विद्यार्थ्यांस परिचितच आहे. ह्या रचनेचा एक परिणाम मात्र सहसा ध्यानात येत नाही. क्रियापदाचे रूप कर्मावर अवलंबून असल्यामुळे कर्ता काढून घेतला तरी क्रियापदाला काहीही होत नाही. 'गोळ्या झाडल्या' हे वाक्य जखम न दाखविता उभे राहते. त्यापुढची पायरी 'गोळ्या झाडण्यात आल्या' ही. आणि तिच्याही पुढची 'गोळीबार झाला' ही. शेवटच्या वाक्यात गोळीबार हाच कर्ता होऊन बसतो. जणू पाऊस झाला, तसा गोळीबार झाला.

कर्ता झाकण्याचे चार मार्ग आपल्या सार्वजनिक गद्यात प्रामुख्याने दिसतात. पहिला, क्रियेलाच कर्ता करणे : 'गोळीबार झाला'. दुसरा, 'करण्यात आला' ही कार्यालयीन रचना. तिसरा, 'जमावाने', 'अज्ञात इसमांनी', 'गावकऱ्यांनी' अशा समूहवाचक नामांची योजना. येथे व्याकरणदृष्ट्या कर्ता हजर असतो, पण त्यास ना नाव असते ना चेहरा. चौथा मार्ग सर्वांत सूक्ष्म आहे. ज्याच्यावर आघात झाला त्यालाच कर्त्याच्या जागी बसवावयाचे : 'शेतकऱ्याने आत्महत्या केली'. हे वाक्य खोटे नाही. तथापि त्यात एक कर्ता इतका ठळक असतो की, दुसरा कोणी असू शकेल असा प्रश्नच उरत नाही.

ह्याच्या उलट साक्षीदाराच्या बोलीत कर्त्याची आणि ज्ञानाच्या उगमाची दखल पदोपदी घेतलेली असते. मराठीतील 'म्हणे' हा शब्द पाहावा. 'म्हणणे' ह्या धातूचे हे रूप गोठून त्याचे अव्यय झाले आहे. 'तो आला म्हणे' असे म्हणणारा आपण हे ऐकले आहे, पाहिलेले नाही, एवढी नोंद एका शब्दात करून मोकळा होतो. उलटपक्षी 'माझ्या डोळ्यांदेखत' हा प्रयोग वक्त्याला त्या स्थळी नेऊन उभा करतो. ऐकीव साक्ष आणि प्रत्यक्ष साक्ष ह्यांतील जो भेद १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे, तो भेद आपल्या आयाबाया बोलता बोलता पाळीत आल्या आहेत. अनुबोधपटाचा दिग्दर्शक ह्या शब्दांस कान देतो की त्यांवरून कात्री फिरवितो, हे म्हणून महत्त्वाचे ठरते.

३

मराठी माणसाचा ह्या माध्यमाशी संबंध फार जुना आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा ह्यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले आणि रँग्लर परांजपे १९०१ मध्ये परत आले त्या वेळच्या स्वागताचेही. ती चित्रे मुकी होती. माणूस दिसत होता, त्याचे म्हणणे ऐकू येत नव्हते. पुढे ध्वनी आला, तेव्हा प्रथम ऐकू आला तो निवेदकाचा आवाज. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या अनुबोधपटांनी कित्येक पिढ्यांना हा आवाज परिचयाचा करून दिला. चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी धरण दिसे, शेत दिसे, शेतकरी हसताना दिसे. आणि 'धरण बांधण्यात आले', 'जमीन ओलिताखाली आणण्यात आली' असे कोणी अदृश्य गृहस्थ सांगत. शेतकऱ्याचे ओठ हलत, परंतु बोलणे निवेदकाचेच. ह्यास सन्मान्य अपवाद होते. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना स्वतःच्या तोंडाने बोलू देणारा एस. एन. एस. शास्त्री ह्यांचा 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७) हा त्यांतील अग्रगण्य होय. पण अपवाद हा अपवादच.

साक्षीदाराने कॅमेऱ्याकडे पाहून स्वतःच्या बोलीत बोलावे ही कल्पना इंग्लंडमध्ये १९३५ सालच्या 'हौसिंग प्रॉब्लेम्स' ह्या एडगर ॲन्स्टी व आर्थर एल्टन ह्यांच्या लघुपटात ठसठशीतपणे दिसते. लंडनच्या कोंदट घरांत राहणारी माणसे तेथे ढेकूण, उंदीर आणि ओल ह्यांविषयी आपल्या ठेवणीत बोलतात. ह्या चित्रपटाचा खर्च वायू पुरविणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने केला होता आणि नव्या घरांत वायूची शेगडी खपावी हा हेतू त्यामागे होता, हेही विसरता कामा नये. चित्रपटाच्या वाक्यातही एक लपलेला कर्ता असतो, तो म्हणजे त्याचा करविता.

आनंद पटवर्धन ह्यांचा 'हमारा शहर' (१९८५) हा मुंबईच्या झोपडवासीयांवरील चित्रपट ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. महानगरपालिकेच्या भाषेत 'अतिक्रमण हटविण्यात आले' हे वाक्य पुरे होते. चित्रपटात घर मोडणारे हात दिसतात, ते मोडावयास सांगणारी माणसे बोलताना दिसतात, आणि ज्यांचे घर मोडले ती तर बोलतातच. ह्या चित्रपटातील एक प्रसंग प्रत्येक अभ्यासकाने नीट पाहावा. एक बाई चित्रण करणाऱ्यांवरच उलटते. तुम्ही आमची चित्रे घ्याल, नाव मिळवाल, आमचे काय, असा तिचा एकंदर सवाल. दिग्दर्शकास हा भाग सहज कापता आला असता. त्याने तो ठेवला, ह्यात त्याची प्रामाणिकता आहे. गळालेला कर्ता शोधावयास निघालेल्या माणसाला त्या बाईने त्याच्याच वाक्यातील कर्ता दाखवून दिला.

४

आता प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी असलेला चित्रपट. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे आढळले, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे ह्यांनी गळफास घेऊन जीवन संपविले. हे तेच शाहीर, ज्यांचा आवाज 'हमारा शहर' मध्ये ऐकू येतो. पटवर्धन ह्यांनी त्या घटनेपासून चित्रण सुरू केले आणि चौदा वर्षांनी, २०११ मध्ये, तीन तासांहून मोठा 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला.

पोलिसांचे समर्थन असे होते की, जमाव वायूचे टँकर पेटविण्याच्या बेतात होता व अनर्थ टाळण्यासाठी गोळीबार अपरिहार्य झाला. येथे वर सांगितलेले मार्ग एकत्र येतात : गोळीबार 'अपरिहार्य झाला', आणि वाक्यातील खरा कर्ता म्हणून 'जमाव' पुढे उभा केला गेला. चित्रपट ह्या समर्थनास घोषणेने उत्तर देत नाही. चित्रफीत कोठली, कोणत्या वेळची, टँकर कोठे आणि पडलेली माणसे कोठे, असे स्थळकाळाचे साधे प्रश्न तो विचारतो. वस्तीतील माणसे आपण कोठे उभे होतो, काय करीत होतो, कोण पडले, हे सांगतात. त्यांच्या बोलण्यात 'मी', 'माझा भाऊ', 'आमच्या दारात' हे शब्द येतात आणि 'जमाव' ह्या नामाचे तुकडे होऊन त्यातून माणसे बाहेर पडतात. कोणी दात घासत होता, कोणी कामावर निघाला होता, अशा तऱ्हेचे सामान्य क्रियापद जमावाला कधीच जोडता येत नाही. व्यक्तीलाच जोडता येते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही तो गोळीबार समर्थनीय मानला नाही. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि अपिलात त्यास जामीन मिळाला. आदेशापासून निकालापर्यंतचा हा काळ चित्रपटाच्या लांबीत मुरलेला आहे. चौदा वर्षे वाट पाहणारी माणसे चौदा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात, आणि त्यासाठी वेगळे निवेदन लागत नाही.

ह्या चित्रपटाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे शाहिरी. वस्तीतील जलसे, भीमगीते आणि पुढे कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांची गाणी ह्यांस दिग्दर्शकाने शोभेसाठी घेतलेले नाही. जे वाक्य जबाबात येत नाही व वृत्तपत्रात छापले जात नाही ते गाण्यात येते, आणि त्यात कर्ता नावानिशी असतो. लोकपरंपरेने साक्ष जपून ठेवण्याचे जे साधन निर्माण केले, त्याची चित्रपटाने पुरावा म्हणून नोंद घेतली, हे भाषेच्या अभ्यासकास विशेष वाटते.

दोष सांगणे हेही समीक्षकाचे कर्तव्य आहे. गाण्यातील कर्ता आणि पुराव्यातील कर्ता ह्यांत अंतर असते. गाणे निर्णय देऊन मोकळे होते, पुराव्याला उलटतपासणी सोसावी लागते. काही ठिकाणी चित्रपटातील गाणे शोधाच्या पुढे धावते आणि प्रेक्षकाने स्वतः निष्कर्षास यावे इतका अवकाश उरत नाही. दुसरे असे की, सुस्थित वर्गातील काही व्यक्तींना वाटेत गाठून प्रश्न विचारले आहेत. वस्तीतील माणसांशी मात्र वर्षानुवर्षांचा परिचय आहे. ज्याला तयारीला वेळ मिळाला नाही त्याच्या तोंडचे उथळ वाक्य खरेच असते, पण ते सारखेच तोलावे का, हा प्रश्न उरतो. तरीही एक गोष्ट दिग्दर्शकाच्या बाजूने सांगितली पाहिजे. प्रश्न विचारणारा त्याचा स्वतःचा आवाज त्याने पुष्कळदा तसाच ठेवला आहे. उत्तर कोणत्या प्रश्नाला दिले हे ऐकू येत असल्यामुळे प्रेक्षकाला त्याचीही उलटतपासणी करता येते.

५

दीपा भाटिया ह्यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) हा पाऊण-एक तासाचा चित्रपट विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आहे. पत्रकार पी. साईनाथ ह्यांच्या मागोमाग तो कापसाच्या मुलखात हिंडतो. रोमचा सम्राट नीरो ह्याने मेजवानीच्या रात्री उजेडासाठी माणसे जाळली, अशी जी हकीगत टॅसिटसने नोंदविली, तिच्यावरून चित्रपटाचे नाव घेतले आहे. साईनाथांचा प्रश्न नीरोविषयी नसून त्या मेजवानीस हजर राहिलेल्या पाहुण्यांविषयी आहे. वर उल्लेखिलेल्या चौथ्या मार्गाचा हा चित्रपट म्हणजे उत्तम प्रतिवाद होय. 'शेतकऱ्याने आत्महत्या केली' ह्या वाक्यातील एकुलत्या एक कर्त्याच्या मागे बियाण्याचा भाव, कापसाची पडलेली किंमत, सावकाराचे व्याज, बँकेचा नकार आणि धोरण ठरविणारे हात असे कर्ते एकामागून एक उभे राहतात.

शासनाच्या दप्तरात अशा मृत्यूची 'पात्र' आणि 'अपात्र' अशी वाटणी होते. नापिकी, कर्जाची परतफेड न होणे, वसुलीचा तगादा अशी कारणे कागदोपत्री जुळली तर मृत्यू पात्र ठरतो आणि कुटुंबास एक लाख रुपयांच्या मदतीचा मार्ग मोकळा होतो. न जुळली तर तो अपात्र. मृत्यूला लागलेली ही दोन विशेषणे आपल्या प्रशासकीय मराठीची एक शोचनीय निर्मिती होय. शेतीत राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर 'शेतकरी' हे नामच लागू पडते की नाही येथून वाद सुरू होतो.

चित्रपटाची मर्यादाही भाषेचीच आहे. त्याचा गुरुत्वमध्य साईनाथांच्या इंग्रजी व्याख्यानांत आहे. ती प्रभावी आहेत ह्यात शंका नाही. परंतु वऱ्हाडातील घरी बसलेली विधवा जे बोलते ते त्या व्याख्यानाचे उदाहरण होऊन येते. तिचे वाक्य सुरू होते न होते तोच आपण सभागृहात परततो. मृत शेतकऱ्याच्या कविता त्याचे घरचे लोक वाचून दाखवितात तो भाग ह्याला अपवाद आहे, आणि चित्रपट संपल्यावर स्मरणात राहतो तो तोच. साक्षीदाराचे वाक्य पुरे होऊ देणे हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. वाक्य मध्येच तोडले की काय घडले तेच कळत नाही.

६

भाषांतराचा हा प्रश्न परदेशातील दोन चित्रपटांच्या आधारे अधिक स्पष्ट करता येईल. क्लॉद लान्झमान ह्यांचा 'शोआ' (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे. यहुद्यांच्या संहाराविषयी त्यात जुने चित्रण एकही वापरलेले नाही. आहेत ती जिवंत माणसांची बोलणी आणि आजच्या जागा. पोलिश खेडूत बोलतो, दुभाषी बाई ते फ्रेंचमध्ये सांगते, दिग्दर्शक फ्रेंचमध्ये पुढचा प्रश्न विचारतो, तो पुन्हा पोलिशमध्ये जातो. हे सर्व पडद्यावर तसेच ठेवले आहे. भाषांतर म्हणजे कोणी तरी मध्ये उभे आहे, हे प्रेक्षकास क्षणभरही विसरता येत नाही. त्याच चित्रपटात इतिहासकार राउल हिलबर्ग रेल्वेचा एक आदेश हाती घेऊन वाचतात. त्यात ठार मारण्याविषयी एक अक्षर नाही. गाड्यांच्या वेळा आहेत, आणि भरून गेलेली गाडी रिकामी परत येते एवढेच त्यावरून कळते. कर्ता गाळलेल्या गद्याचे ह्याहून भयंकर उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा चित्रपट एरल मॉरिस ह्यांचा 'द थिन ब्लू लाइन' (१९८८). अमेरिकेतील डॅलस येथे १९७६ मध्ये झालेल्या एका पोलिसाच्या हत्येबद्दल रँडल ॲडम्स ह्या माणसास शिक्षा झाली होती. चित्रपटाने प्रत्येक साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा उभा केला, आणि त्या साक्षी परस्परांशी जुळत नाहीत हे दाखविले. १९८९ मध्ये ॲडम्स सुटला. शेवटची मुलाखत केवळ ध्वनिफितीवर आहे. पडद्यावर दिसते ते ध्वनिमुद्रण-यंत्र. ज्याच्यावर संशय आहे तो त्यात 'मी केले' असे म्हणत नाही. ॲडम्स निर्दोष आहे हे आपणांस ठाऊक आहे, एवढेच तो सुचवितो. कर्त्याची जागा मोकळी ठेवलेल्या त्या वाक्याने सारा खटला उलगडला. ऐकणाऱ्याचे कान तयार असतील तर गाळलेला कर्ताही ऐकू येतो, तो असा.

आपल्या चित्रपटांच्या तळाशी उमटणारी इंग्रजी उपशीर्षके मात्र दुभाष्याला अदृश्य करतात. 'जय भीम कॉम्रेड' मधील घाटकोपरची मराठी, मराठवाड्याहून आलेल्या कुटुंबांची मराठी आणि शिवाजी पार्काच्या आसपासची मराठी ही तिन्ही तळाशी एकाच इंग्रजीत येतात. कोण कोणास 'तो' म्हणतो, कोणास 'ते' म्हणतो, कोणाविषयी 'ती लोकं' असा दूरचा उल्लेख करतो, हे सर्व त्यात नाहीसे होते. मराठी प्रेक्षकास ते ऐकू येते. म्हणून ह्या चित्रपटाची समीक्षा मराठीत होणे आवश्यक आहे. ती मराठी जाणणाऱ्यांवरची जबाबदारी आहे.

७

आता आपल्या घराकडे वळू. 'जय भीम कॉम्रेड' खैरलांजीकडेही वळतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली ते हे गाव भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत तो आणि आपण एकाच जिल्ह्यात होतो. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांस दोषी ठरवून त्यांतील सहांस फाशी दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र न्यायालयांनी लागू केला नाही. आरंभीच्या दिवसांत ही घटना 'गावकऱ्यांचा उद्रेक' म्हणून सांगितली जात होती, हे त्या काळी येथे राहणाऱ्यांस आठवत असेल. 'गावकरी' हा शब्द तिसऱ्या मार्गाचे उदाहरण होय. मारले गेलेले कुटुंबही त्याच गावचे होते. पण त्या वाक्यात ते गावकरी राहिले नव्हते.

अशा घटनेचा साक्षीदार बोलतो कोणत्या भाषेत? आपल्या भागात बहुधा झाडीबोलीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ह्या बोलीस अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तिच्यात 'ळ' नाही, त्या जागी 'र' येतो. 'ण' नाही, त्या जागी 'न' येतो. येथला माणूस 'डोऱ्यांनी' पाहतो. पोलीस ठाण्यातील कागदावर मात्र त्याचे बोलणे 'समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की' ह्या शब्दांनी सुरू होते आणि 'सदर इसम', 'नमूद ठिकाणी', 'वाद झाला', 'मारहाण करण्यात आली' अशा वळणाने पुढे जाते. कोणी खोटे लिहितो असे नव्हे. लिहिणारा प्रमाणभाषेत लिहितो, आणि त्या प्रमाणभाषेचे कार्यालयीन वळण कर्ता गाळण्याचे आहे. 'म्हणे' गेला की ऐकलेले आणि पाहिलेले एक होते. 'डोऱ्यांनी' गेले की पाहणारा जातो. पुढे न्यायालयात तोच साक्षीदार आपल्या बोलीत बोलू लागला, म्हणजे त्याच्या सांगण्यात आणि जबाबात विसंगती असल्याचे त्यास दाखविले जाते. ही विसंगती कित्येकदा माणसाच्या दोन म्हणण्यांतील नसून दोन भाषांतील असते.

शोधक अनुबोधपटाचे मोल आपणांस कळावयाचे ते येथे. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक बोली शुद्ध करीत नाहीत. संकलक करतो, निवेदक करतो, उपशीर्षके लिहिणारा करतो. आणि ऐकून लिहिणारे आपणही करतो. आमच्या वर्गातील विद्यार्थी उद्या शिक्षक, वकील, वार्ताहर, तलाठी, फौजदार होतील. दुसऱ्याचे म्हणणे कागदावर उतरविणे हे त्यांच्या हातून रोज घडणार आहे. म्हणून हे चित्रपट पाहावेत, आणि शक्यतो पुढील क्रमाने पाहावेत : 'हौसिंग प्रॉब्लेम्स' व 'हमारा शहर' पाठोपाठ, मग 'नीरोज गेस्ट्स', मग 'द थिन ब्लू लाइन', आणि त्यानंतर पुरेसा वेळ काढून, न तोडता, 'जय भीम कॉम्रेड'. 'शोआ' चार बैठकांत पाहण्यास हरकत नाही.

वर्गातील अभ्यासाची रीत आम्ही आता थोडी बदलली आहे. विद्यार्थ्याने प्रथम ऐकलेले वाक्य ऐकले तसे, 'डोरा' तर 'डोरा' असेच, लिहावयाचे. त्याखाली प्रमाण मराठीतील रूप लिहावयाचे. मग दोन्ही वाक्यांतील कर्त्याखाली रेघ मारावयाची. खालच्या वाक्यात रेघ मारावयास जागा सापडली नाही, तर ते वाक्य खोडून पुन्हा लिहावयाचे. गेल्या खेपेस पुष्कळ वह्यांत खाडाखोड दिसली, आणि ती पाहून समाधान वाटले.